‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’च्या पुढचं वाक्य

“रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. आता एकदा सायकॉलॉजिस्टला दाखवून घ्या.”

हे वाक्य मी जवळून ऐकलं ते एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत. नात्यातली एक मुलगी, अकरावी सायन्सची, आठ महिने पोटदुखीने हैराण. फॅमिली डॉक्टरांनी आधी जंताच्या गोळ्या दिल्या, मग ॲसिडिटीच्या. तीनदा सोनोग्राफी झाली, एकदा एंडोस्कोपी. मध्येच कुणी सांगितलं म्हणून दृष्टही काढून झाली. फाइलची क्लिप तुटली होती, म्हणून आईने ती साडीच्या दुकानातल्या चेनवाल्या पिशवीत घातली होती आणि ती पिशवी मांडीवर धरूनच ती डॉक्टरांसमोर बसली होती. भेट चार मिनिटांत संपली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की एका वाक्यातून तिघांनी तीन वाक्यं ऐकलीत. वडिलांनी ऐकलं, ‘काही झालेलं नाही.’ आईने ऐकलं, ‘तुमची मुलगी वेडी आहे.’ आणि मुलीने ऐकलं, ‘तू खोटं बोलतेस.’ घर येईपर्यंत ती रिक्षातून बाहेर बघत राहिली.

डॉक्टरांनी यातलं काहीच म्हटलं नव्हतं. त्यांचा सल्लाही वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता. चूक होती ती त्या वाक्याच्या जागेत: आठ महिन्यांनी, सगळ्या तपासण्या संपल्यावर, उठता उठता.

हे वाक्य पुढच्या काही वर्षांत जास्त ऐकू येणार, अशी चिन्हं आहेत. मानसिक आरोग्याबद्दल आता उघड बोललं जातं. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर सुरू आहे. शाळा-कॉलेजांत समुपदेशक नेमले जाताहेत. हे सगळं हवंच होतं. पण चांगल्या गोष्टीची वाईट वहिवाट पडायला फार वेळ लागत नाही. ज्या तरुण पोरांच्या दुखण्याचं कारण यंत्रात दिसत नाही, त्यांना सभ्यपणे बाहेर काढायचं मागचं दार म्हणून मानसोपचार वापरला जाईल, ही माझी भीती आहे. तसं झालं तर दोन नुकसानं होतील. दुखणं तिथेच राहील, आणि ज्या उपचारावर थोडाफार भरवसा ठेवता आला असता त्याचं नाव बदनाम होईल.

खरं तर आपल्या भाषेला हे सगळं फार आधीपासून कळलेलं आहे. परीक्षेआधी पोटात गोळा येतो, वाईट बातमीने हातपाय गळतात, कुणाचं बोलणं मनाला लागतं आणि मन दुखावतं. गेलेल्या माणसासाठी पाळायचा तोही दुखवटाच. शरीर आणि मन यांच्यामध्ये मराठीने कधी भिंत घातली नाही. पण याच भाषेने दुसरीही एक खोड लावून ठेवली आहे. दुसऱ्याचं भलं बघवलं नाही की ‘पोटात दुखतं’, आणि नकोशा कटकटीला ‘डोकेदुखी’ म्हणतात. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी ‘पोट दुखतंय’ म्हणते तेव्हा तो शब्द आधीच अर्धा चेष्टेत वापरून झालेला असतो. त्यात परीक्षा जवळ असेल तर उरलेला अर्धाही जातो. ‘बरोबर पेपरालाच कसं दुखतं गं तुझं?’ हा प्रश्न विचारणारी आत्या प्रत्येक घरात एक तरी असते.

पेपरालाच दुखतं, हे बऱ्याचदा खरंही असतं. त्यावरून दुखणं खोटं ठरत नाही, एवढंच.

वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसपी, हिने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. शरीराला इजा झाल्यावर होतो तो, किंवा तशा इजेसारखा वाटणारा, इंद्रियांचा आणि भावनांचा नकोसा अनुभव म्हणजे वेदना, असा तिचा आशय आहे. ‘भावनांचा’ हा शब्द व्याख्येच्या आतच आहे, पुरवणीत नाही. सोबतच्या टिपांत असंही म्हटलं आहे की, माणूस दुखतंय म्हणाला तर त्याचं म्हणणं मानलं पाहिजे. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. आणि ज्याच्यामागे दुसरा आजार दाखवता येत नाही अशा जुनाट दुखण्यालाही, 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, स्वतःची जागा आहे. ‘काही निघालं नाही’ हे निदान नव्हे. निदान वेगळं आहे, आणि ते करता येतं.

हे दुखणं चालतं कसं, हे समजायला सार्वजनिक कार्यक्रमातला माइक आठवावा. वक्ता बोलायला उभा राहतो आणि एकदम कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. माइक बिघडलेला नसतो, स्पीकरही नसतो. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरतो, वाढून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. मज्जासंस्थेत असंच काहीसं होतं. कधीतरी खरोखरच पोट बिघडलेलं असतं, ताप येऊन गेलेला असतो, पाठीला लचक भरलेली असते. मूळ कारण जातं. पण तोवर मज्जारज्जू आणि मेंदू यांनी त्या भागाकडून येणारा आवाज मोठा करून ठेवलेला असतो. दुखेल या भीतीने मूल हलणं, जेवणं, बाहेर पडणं टाळू लागतं. टाळल्याने अंग आणखी हळवं होतं, झोप मोडते, मित्र तुटतात, चिंता वाढते. आणि चिंता तोच आवाज आणखी चढवते. योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन यांनी 2000 साली स्नायू-हाडांच्या जुनाट दुखण्याबद्दल लिहिताना भीती आणि टाळाटाळ यांचं हे चक्र मांडलं. आज मुलांच्या वेदनेवरचे बरेचसे उपचार त्याच्याच आधाराने उभे आहेत. अशा वेळी माइक दोषी की स्पीकर, हा वाद घालण्यात अर्थ नसतो. दोन्हीकडचा आवाज एकदम खाली आणावा लागतो.

आपल्याकडे नेमका तोच वाद घालतात. पोट पोटाच्या डॉक्टरकडे, चिंता मनाच्या डॉक्टरकडे, आणि दोघांची गाठ फक्त त्या चेनवाल्या पिशवीत पडते.

मुलांच्या दुखण्यावर विश्वास न ठेवण्याची वैद्यकाची परंपरा जुनी आहे आणि ती फक्त आपली नाही. 1980च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतही नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत असत. एवढ्या लहान मेंदूला वेदना कळत नाही आणि भूल मात्र घातक ठरते, असा समज होता. तो मोडायला मोठा हातभार लावला तो भारतातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वेदनाशामक फेंटॅनिल दिलं तर शस्त्रक्रियेचा शरीरावरचा ताण कमी होतो आणि बाळं नंतर जास्त बरी राहतात, हे त्यांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं. म्हणजे जी बाळं बोलू शकत नाहीत त्यांचं दुखणं कबूल व्हायला 1987 साल उजाडावं लागलं. जी बोलू शकतात त्यांचं अजून पुरतं कबूल झालेलं नाही.

आणि अशी मुलं थोडी नाहीत. जॉन ॲपली यांनी ब्रिस्टलमध्ये 1000 शाळकरी मुलांची पाहणी केली आणि 1958 मध्ये प्रसिद्ध केली. दहातल्या एकाहून किंचित जास्त मुलांना वारंवार पोटदुखी होती, आणि त्यांतल्या फार थोड्यांत शारीरिक आजार सापडला. त्या पाहणीला साठ वर्षं उलटून गेली, तरी ‘पोरं नाटकं करतात’ हे आपलं निदान जागचं हललेलं नाही.

आता मुख्य प्रश्न. मानसोपचाराने दुखणं कमी होतं का?

होतं, पण मोजून. अमेरिकेत स्कॉट पॉवर्स आणि सहकाऱ्यांनी जुनाट अर्धशिशीच्या 10 ते 17 वर्षांच्या 135 मुलामुलींवर एक चाचणी केली. ती 2013 मध्ये आली. सगळ्यांना ॲमिट्रिप्टिलीन हे औषध दिलं. त्यांतल्या निम्म्यांना सोबत विचार-वर्तन उपचार, निम्म्यांना सोबत डोकेदुखीची माहिती. डोकं दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले ते पहिल्या गटात 66 टक्के मुलांचे, दुसऱ्यात 36 टक्के. पुढे त्यांच्याच गटाने 361 मुलांवर औषधांची चाचणी केली. 2017 मध्ये निकाल आला: ॲमिट्रिप्टिलीन घेणाऱ्यांत 52 टक्क्यांना उतार, टोपिरामेटवाल्यांत 55, आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत 61. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. औषधं निरुपयोगी आहेत, एवढाच अर्थ यातून काढायची मला घाई नाही. पण गोळी देऊन मोकळं होणाऱ्यांनी हे तीन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

मानसोपचाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही काही आकडे चिकटवावेत. सिॲटलच्या टोनया पालर्मो यांनी इंटरनेटवरून द्यायचा एक उपचार 273 मुलांवर तपासला. मुलांचं अडलेलं रोजचं जगणं सहा महिन्यांनी जास्त सुधारलेलं दिसलं. वेदनेची तीव्रता मात्र दुसऱ्या गटापेक्षा खाली आली नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा 2018चा आढावाही साधारण असंच सांगतो: डोकेदुखीचे दिवस कमी होतात, इतर दुखण्यांत वेदना आणि अडलेपण थोडं घटतं, आणि चिंता व खिन्नतेवरचा परिणाम फारसा हाती लागत नाही. म्हणजे ‘दहा सेशनमध्ये दुखणं गायब’ असं कुणी म्हणत असेल, मग तो डॉक्टर असो, ॲप असो वा इन्स्टाग्रामवरचा समुपदेशक, तर तिथून उठून यावं. खरा उपचार आधी जगणं परत आणतो. दुखणं मागून, हळूहळू आणि कधी कधी अर्धवटच उतरतं. हे आईबापांना पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर चौथ्या भेटीनंतर ते येत नाहीत. ‘दुखतंय तर आहेच अजून’ म्हणतात आणि नवा स्पेशालिस्ट शोधतात.

चिंता आणि खिन्नतेबद्दलचं ते वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण दुखण्यासोबत चिंता-खिन्नता असलेली मुलंच सगळ्यात जास्त अडकलेली असतात. किशोरवयापासून प्रौढपणापर्यंत माग काढणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातली माहिती घेऊन मेलनी नोएल यांनी 2016 मध्ये हिशेब मांडला. किशोरवयात जुनाट दुखणं असलेल्यांत पुढे चिंताविकार आढळले 21.1 टक्क्यांत, इतरांत 12.4, नैराश्य 24.5 टक्क्यांत, इतरांत 14.1. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या नतोश्या कनिंगहॅम यांच्या गटाने दाखवलं की ज्या मुलांची चिंता आधीच वाढलेली असते, त्यांना फक्त वेदनेपुरता बेतलेला मानसोपचार कमी लागू पडतो. ज्याला जास्त गरज, त्यालाच कमी गुण. मग त्यांनी पोटदुखी आणि चिंता एकत्र हाताळणारा सहा सत्रांचा उपचार बेतला: दोन समोरासमोर, चार इंटरनेटवर. स्वीडनमध्ये ओरेब्रो विद्यापीठात काट्या बोएर्समा आणि तेच स्टीव्हन लिंटन याच दिशेने गेले. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं, की दुखेल म्हणून वाकायचं टाळणं आणि रडू येईल म्हणून आठवायचं टाळणं, या दोन सवयी एकाच कापडाच्या आहेत. तेव्हा उपचारही एकच असावा. 2019 मध्ये त्यांनी प्रौढ रुग्णांवर याची चाचणी करून आशादायक निकाल मांडले.

आपल्याकडे तर हा विचार पोचायच्या आधी त्याची स्वस्त नक्कल पोचली आहे. तिचं नाव ‘पॉझिटिव्ह राहा’. वास्तविक महाराष्ट्राला विचारांवर काम करणाऱ्या उपचाराची ओळख नवी नाही. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत इथे रुजवण्यात आयुष्य घातलं. ठाण्याच्या आयपीएच या संस्थेने 1990 पासून मानसिक आरोग्य लोकांपर्यंत नेलं. पण एलिसने सकारात्मक विचार करा असं सांगितलं नव्हतं, आपल्या समजुती तपासा असं सांगितलं होतं. ‘पेपरात दुखायला लागलं तर माझं वाटोळं होईल’ या वाक्याला ‘नाही दुखणार, बघ!’ हे उत्तर नव्हे. ‘दुखलं तर काय काय होईल? मागच्या वेळी दुखलं तेव्हा किती प्रश्न सोडवलेस?’ हे उत्तराच्या दिशेने जाणं झालं. पहिलं बोलणं एका मिनिटाचं आहे. दुसऱ्याला आठवडे लागतात, आणि ते करणारा माणूस शिकलेला लागतो.

ती अकरावीतली मुलगी सुदैवाने अशा शिकलेल्या बाईंपर्यंत पोचली. पहिल्या भेटीत तिने विचारलं, “तुम्हालाही वाटतं का, मी खोटं बोलते?” बाईंनी नाही म्हटलं आणि कागदावर मेंदू, पाठीचा कणा आणि पोट काढून अर्धा तास समजावलं. मग वही दिली. त्या वहीत दुखण्याचे आकडे लिहायचे नव्हते, काय केलं ते लिहायचं होतं. रोज वीस मिनिटं चालायचं: बरं वाटलं म्हणून पंचवीस नाही, दुखलं म्हणून दहा नाही. ही गोष्ट तिला सगळ्यात जड गेली. बरं वाटलेल्या एका रविवारी तिने खोली आवरली, मैत्रिणीकडे जाऊन आली, फिजिक्सचे दोन धडे संपवले, आणि पुढचे तीन दिवस कुशीवर पडून काढले. आपण सगळेच असं करतो. बरं वाटलं की साठलेलं सगळं उरकून टाकतो. चौथ्या आठवड्यात कॉलेज: फक्त दोन तास, पण ठरलेले. मग एसटी, जिच्यात पहिल्यांदा कळ आली होती. आधी स्टँडवर नुसतं उभं राहायचं, मग एक थांबा, मग पूर्ण रस्ता.

आईलाही काम दिलं, आणि ते ऐकून आई रडली. ‘दुखतंय का गं?’ हे विचारायचं बंद. दिवसातून किती वेळा विचारता, हे बाईंनी तिला मोजायला सांगितलं होतं. दुपारपर्यंतच अकरा झाले.

यामागे एक प्रयोग आहे, तो मला फार बोलका वाटतो. लिन वॉकर यांनी 2006 मध्ये पोटदुखीची तक्रार असलेल्या आणि नसलेल्या मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला लावलं. मग काही पालकांना सांगितलं, त्याची विचारपूस करा, सहानुभूती दाखवा. काहींना सांगितलं, दुसरंच काहीतरी बोला. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, दुसरीकडे वळवलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. मुलांनी स्वतः सांगितलं की दुसरं बोलल्याने बरं वाटलं. पण पोटदुखीवाल्या मुलांच्या आयांना वाटत होतं की असं दुसरीकडे वळवणं मुलाला जास्त त्रास देईल. मायेने विचारलेला प्रश्न त्या माइकचा आवाज चढवतो, हे कळणं कुठल्याही आईला सोपं नाही.

इथे फार जपून राहायला हवं. हाच प्रयोग ‘आईनेच लाडावून ठेवलंय’ असा वाचायला आपल्याकडे किती वेळ लागेल? सासू आहे, दीर आहे, सोसायटीतले काका आहेत. मुलीवर खोटेपणाचा शिक्का होता, तो पुसला गेला तर आईवर वेडेपणाचा लागेल. आईचा प्रश्न दुखण्याचं कारण नसतो. दुखण्यापायी घराने धरलेली ती एक लय असते, आणि ती बदलता येते. सांगताना हा फरक नीट सांगितला नाही, तर उपचार घराच्या उंबऱ्यावरच मरतो.

दुसरा धोका उलट दिशेने येतो आणि तो जिवावर बेतू शकतो. एकदा फाइलवर ‘मानसिक’ असं लिहिलं की पुढचा डॉक्टर बघणं थांबवतो. वजन घटणारं मूल, शौचात रक्त, राहून राहून येणारा ताप, दुखण्याने मोडणारी रात्रीची झोप, थांबलेली वाढ, यातलं काहीही असेल तर पोटाचा क्षय, आतड्याचा दाह, सीलिॲक यांचा शोध घ्यायलाच हवा, मग ते मूल कितीही चिंताग्रस्त असो. मुलींच्या बाबतीत तर ‘पाळीत दुखणारच’ या दोन शब्दांनी एंडोमेट्रिओसिसचं निदान वर्षानुवर्षं अडवून धरलेलं आहे. चिंता असलेल्या माणसाला शारीरिक आजार होत नाही, असा काही नियम नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रातच आहे: विदर्भातले, गडचिरोलीतले, नंदुरबारकडचे सिकलसेलचे रुग्ण. इथे आजार रक्तात स्पष्ट दिसतो. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, छाती, पोट यांत भयंकर कळा येतात. पण दिसतो तो आजार. कळ किती आहे, हे सांगणारी रक्ततपासणी इथेही नाही. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आलेला अठरा वर्षांचा मुलगा कोणत्या इंजेक्शनने उतार पडतो हे नावानिशी सांगतो, आणि तेवढ्यानेच संशयास्पद ठरतो. ज्याला लहानपणापासून दरवर्षी अशा कळा येतात त्याला त्या इंजेक्शनचं नाव माहीत असणारच. त्या दोन कळांच्या मधल्या दिवसांत काय चालतं, याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. पुढची कळ कधी येईल ही धास्ती, बुडालेली आश्रमशाळा, याच आजाराने गेलेलं भावंड. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आणि 7 कोटी लोकांची तपासणी ठरली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलला जागा मिळाली, हेही मोठं काम. पण तपासणीने वाहक आणि रुग्ण सापडतात. सापडलेल्या रुग्णाच्या धास्तीचं काय करायचं, याचं उत्तर तपासणीच्या कार्डावर नसतं. आणि ज्या दिवशी कुणी त्या मुलाला ‘तू टेन्शन घेतोस म्हणून दुखतं’ असं सांगेल, त्या दिवशी त्याच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण नजरेतून निसटण्याची शक्यता आहे. मानसोपचार त्याला हवाच आहे. सिकलसेलच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधासोबत हवा, त्याच्या जागी नको.

हे करणारी माणसं कुठून येणार? निम्हान्सने केलेल्या 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मोठ्या शहरांत एकवटलेले, आणि त्यांतले वेदनेवर काम करणारे बोटांवर मोजण्याइतके. म्हणून हे काम कमी शिकलेल्यांकडे सोपवण्याचा मोह होणार. तो अगदीच चुकीचा नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या प्रौढ रुग्णांवर उपचार करून दाखवले; त्यांच्या चाचण्या 2010 आणि 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. पण त्या यशातला बहुतेकांना दिसतो तो भाग म्हणजे ‘साधी माणसंही करू शकतात’. न दिसणारा भाग म्हणजे बेतीव पुस्तिका, मोजलेली सत्रं, त्यांच्या कामावर नेमाने ठेवलेली देखरेख आणि गरज पडली तर वर पाठवायला असलेला डॉक्टर. आपण पहिला भाग उचलतो आणि दुसरा अंदाजपत्रकात बसत नाही म्हणून गाळतो. मग पाच दिवसांच्या शिबिरातून आलेल्या शिक्षिकेला शाळेतल्या सगळ्या डोकेदुख्यांची जबाबदारी मिळते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 मध्ये सुरू झाला, आपल्याकडे त्याची ‘मैत्री’ केंद्रं आहेत. तिथे तीन महिन्यांहून जुनं दुखणं घेऊन येणाऱ्या मुलाला कुणी काय सांगायचं, एवढं जरी लिहून ठेवलं तरी पुष्कळ होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मुलांच्या जुनाट वेदनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. व्यायाम-हालचाल, मानसोपचार आणि औषध ही तिन्ही साधनं त्यात शेजारी शेजारी आहेत. आधी हे, हे फसलं तर ते, अशी उतरंड नाही. यात फक्त खर्चच वाढतो असं नाही. खरं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सोनोग्राफीचे पैसे वाचतील. बदलायचा आहे तो दिवस: सायकॉलॉजिस्टचं नाव आठव्या महिन्यात निघतं ते पहिल्या महिन्यात निघायला हवं, पहिल्या तपासणीच्या चिठ्ठीसोबत, तपासणीचा निकाल काहीही येवो. ‘दुखतंय हे मला मान्य आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी बघू,’ असं पहिल्या दिवशी म्हटलं तर तोच सल्ला असतो. आठव्या महिन्यात तो निकाल होतो.

ती मुलगी आता बारावीत आहे. दुखणं गेलेलं नाही. आठवड्यातून एखाद-दोनदा येतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी आलं होतं, तरी तिने टायट्रेशन पुरं केलं, एक रीडिंग चुकलं. वडील अजून अधूनमधून मोबाइलवर नव्या डॉक्टरांचे व्हिडिओ पाठवतात. दिवाळीत घरी पाहुणे आले होते. फराळ झाल्यावर त्या आत्यानेच विचारलं, “मग शेवटी काय निघालं गं हिचं?” वर्षभरापूर्वी या प्रश्नावर आई ती पिशवी काढायची, एकेक रिपोर्ट दाखवायची आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणायची, “काही निघालं नाही.”

“पोट दुखतं तिचं,” आई म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.